कानाच्या ऑपरेशनआधीची वीस मिनिटं

१ जूनला मासेमारी बंद होऊन बोटी किनाऱ्याला लागल्या की आमच्या कान-नाक-घशाच्या वॉर्डात खलाशी दिसू लागतात. वर्षभर वाहता कान घेऊन समुद्रावर जाणारी ही माणसं बंदीच्या काळात कानाचा पडदा बसवून घेतात. हवा दमट, कानात बुरशी धरायचे दिवस, पण सुट्टी तेव्हाच मिळते.

त्या दिवशीच्या यादीत दोन टिंपॅनोप्लास्टी, म्हणजे फाटलेला पडदा बसवायची ऑपरेशनं, होती. हर्णैकडचा एक तरुण खलाशी आदल्या संध्याकाळीच दाखल झाला होता. काजूच्या कारखान्यातल्या एक मावशी सकाळी आल्या, तपासण्या झालेल्या होत्या, खाट रिकामी होती, म्हणून यादीच्या शेवटी घुसवल्या. सही, केस भादरणे, सलाईन, थिएटर. काय पाळायचं ते ऑपरेशननंतर शिकवू, असं ठरलं.

खलाशाला मी पहिल्यांदा आवाजाबद्दल सांगितलं. कानापुरती भूल, म्हणजे माणूस जागाच असतो. तोंडावर कापड, कानाशी सक्शनची घरघर, हाड तासावं लागलं तर ड्रिल. सर्जन सूक्ष्मदर्शकातून बघत असतात, तिथे मान जराशी हलली तरी खूप हलते. खोकला येणार वाटलं तर आधी तोंडाने सांगायचं.

मग पडद्याचं. कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून भोकाला लावतात आणि ते जागेवर राहावं म्हणून आत-बाहेर जेलफोमचे, म्हणजे विरघळणाऱ्या स्पंजाचे, तुकडे भरतात. ते आपोआप विरघळायला काही आठवडे लागतात. तोवर ऑपरेशनआधीपेक्षाही कमी ऐकू येतं. कानात टकटक होते, कानाची पाळी बधिर वाटते, कधी जिभेची एक कड धातूसारखी लागते, कारण चवीची एक बारीक नस मधल्या कानातूनच जाते. यात घाबरण्यासारखं काही नाही. तोंड वाकडं झालं, गरगरून उलट्या झाल्या, ताप आला किंवा घाण वासाचा पू आला, तर मात्र रात्र असली तरी यायचं.

सगळ्यात जास्त वेळ नाकावर जातो. नाक शिंकरलं की हवा घशाकडच्या नळीतून मधल्या कानात शिरते आणि पडद्याला आतून ढकलते. त्याला म्हटलं, होडीला पॅच मारलास आणि ओला असतानाच पाण्यात ढकललीस तर? तो हसला, त्याला कळलं. शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. हे मी करून दाखवायला लावते, कारण चारचौघांत माणूस नाक दाबूनच शिंकतो. बर्फाचे क्रेट उचलायचे नाहीत, बुडी तर नाहीच, आंबा घाटातून कोल्हापूरला जायचं असेल तर आधी विचारायचं. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानात, डोकं कोरडं. शेवटी सगळं त्याच्याकडून वदवून घेतलं. वीस मिनिटं लागली.

मावशींना हेच सगळं दुसऱ्या दिवशी सुट्टी देताना सांगितलं गेलं. एका कानावर बँडेज, दुसरा कानही आधीपासून मंद, गुंगी अजून उतरलेली नाही, बाहेर रिक्षा थांबलेली. ऑपरेशननंतर शिकवू म्हणणाऱ्यांनी एकदा त्या खाटेशी उभं राहून बघावं. हातात छापील कागद, त्यावर ‘शस्त्रक्रिया झालेल्या कर्णाची शुष्कता राखावी’. हे मराठी कोण लिहितं देव जाणे.

सातव्या दिवशी टाके काढायला आल्या तेव्हा कळलं, की काहीच ऐकू येईना, आत बोळा अडकल्यासारखं वाटलं, म्हणून केसातल्या पिनेने ‘तो काढला’. वर नणंदेने कोमट खोबरेल सोडलं. जेलफोम गेलेला, पडदा सरकलेला. ओपीडीतले तरुण डॉक्टर म्हणाले, सांगूनसुद्धा ऐकत नाहीत हे लोक. ऐकू येत नाही म्हणूनच तर त्या आल्या होत्या.

खलाशाचा पडदा सहाव्या आठवड्यात नीट बसलेला दिसला. मधल्या काळात तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, बोलवत होता तरी तो बोटीवर गेला नाही, किनाऱ्यावर जाळी शिवत बसला. पण ही सगळी करामत त्या वीस मिनिटांची, असं मी म्हणणार नाही. त्याचं भोक लहान होतं, नाक स्वच्छ होतं. मावशींचं भोक मोठं, नाक बारमाही चोंदलेलं. असे पडदे सगळं पाळूनही कधीकधी धरत नाहीत. पिन घातली नसती तर काय झालं असतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही आणि तेच डोक्यातून जात नाही. त्याचा पहिला आठवडा एकाही घाबऱ्या फोनशिवाय गेला, एवढं मात्र मी शिकवण्याच्या खात्यात घालते.

मावशींचं ऑपरेशन पुन्हा करायचं तर कान कोरडा होऊन काही महिने जाऊ द्यावे लागतील. त्यांना सांगून ठेवलंय, आदल्या दुपारी चहाच्या आधी या आणि येताना नणंदेला घेऊन या.