खट्ट!

खट्ट असा आवाज झाला आणि मी पालथा पडल्या पडल्या मनात म्हटलं, गेलं, मोडलं काहीतरी आपलं. कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने दाब देऊन मणक्यांवर उपचार करणारे, हसत म्हणाले, "अहो, कंबर नाही, टेबल वाजलं."

ड्रॉप टेबल होतं ते. टेबलाचा कंबरेखालचा भाग जरासाच वर उचलून ठेवतात, दाब दिला की तो खटकन खाली बसतो, त्यामुळे हाताने फार जोर लावावा लागत नाही.

शेजारी फ्लेक्शन-डिस्ट्रॅक्शनवालं टेबल, पायाकडची बाजू हळूहळू झुकते, मणके सावकाश ताणले जातात, आवाजबिवाज काही नाही. आणि कोपऱ्यात हाय-लो, ते तर चक्क उभंच राहतं, आपण नुसतं टेकायचं, तेच आपल्याला आडवं करतं. वाकता न येणाऱ्याला केवढी सोय!

पण तोंडासाठीच्या त्या फटीतून मला दिसत होती फक्त फरशी आणि त्यांचे बूट. "आता वाजेल हं," एवढं आधी सांगायला काय जातं हो?