गलाईच्या मुशीतून गदगच्या दगडाकडे : आमची वाटचाल

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या पोरांना दोनच वाटा दिसत होत्या. मुंबईची गिरणी, नाहीतर परमुलखातल्या एखाद्या सराफ बाजारात गलाई. आबांनी दुसरी धरली आणि 1973 साली ते कर्नाटकातल्या गदगला उतरले. दहा बाय आठची खोली, एक भट्टी, धातू वितळवायच्या मुशी, टाकणखार (बोरॅक्स), तेजाबाच्या म्हणजे आम्लाच्या बरण्या. सोनार मोड आणून टाकत, आबा ती गाळून सोनं-चांदी वेगळी करून देत. झारेकरी सराफ कट्ट्यावरची माती धुऊन जे कण आणत, तेही आमच्याच भट्टीत येत.

गदगच्या दक्षिणेला कप्पतगुड्डाचे डोंगर आहेत आणि तिथे सोन्याची एक बंद पडलेली खाण आहे. तिचं नाव सांगली. आबांना वाटलं, लोक चेष्टा करताहेत. पण शिरहट्टी तालुका जुन्या काळी खरोखरच सांगली संस्थानात होता, आणि गदगही 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं. पोटासाठी तीन जिल्हे ओलांडून आलेल्या माणसाला पुन्हा सांगलीच भेटली, याचं त्यांना शेवटपर्यंत नवल होतं.

मी धारवाडला कर्नाटक विद्यापीठात भूविज्ञान शिकलो आणि एका सुट्टीत त्यांना स्कूटरवरून तिकडे घेऊन गेलो. वारा असा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. आबांनी पांढऱ्या गारेचा (क्वार्ट्झचा) एक तुकडा उचलला, फिरवून पाहिला आणि विचारलं, "ह्याचा टंच किती?" टंच म्हणजे सोन्याचा कस.

"चांगला असेल तर टनाला तीनचार ग्रॅम."

"तोळ्याला?"

"टनाला, आबा."

"मग हा धंदा करतं कोण?"

प्रश्न चुकीचा नव्हता. या डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांची वाळू जालगार नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या धूत आले होते. पावसाने नवी माती आणली की थोडं सोनं मिळे. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1874 साली इथल्या सोन्याच्या खडकांवर लिहिलं. (पल्लावरमला अश्मयुगीन हत्यार शोधणारे हेच फूट. डोळा एकच, कामं अनेक.) पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश कंपन्यांनी कबुलायतकट्टीला यंत्रं आणली, पण दहाएक वर्षांतच गाशा गुंडाळला. कोलारसारखं भाग्य इथल्या शिरांना, म्हणजे खडकातल्या सोनं धरलेल्या गारेच्या पट्ट्यांना, लाभलं नाही.

का नाही, ते दगडातच लिहिलेलं आहे. सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी हा सगळा पट्टा दाबला गेला, मुरडला, फाटला. त्या फटींतून खोलवरचं तापलेलं पाणी वर आलं. त्यात विरघळलेलं सोनं गंधकाच्या आधाराने प्रवास करत होतं. लोहयुक्त हिरवा खडक भेटला की गंधक लोहाशी जमला, त्याचं पायराइट झालं, आणि आधार सुटलेलं सोनं तिथेच बसलं. फटी गारेने भरून आल्या. पश्चिमेकडच्या शिरा अशा ज्वालामुखी खडकात आहेत, पूर्वेकडच्या गाळाच्या खडकात. पण शीर म्हणजे नळ नव्हे. ती कुठे फुगते, कुठे बोटभर होते, कुठे नाहीशीच होते. शीर असली तरी तिच्यात सोनं सगळीकडे सारखं नसतं. वरच्या दोन हातांवर भाळून भांडवल ओतलं की फसगत ठरलेली.

1993 च्या खनिज धोरणाने सोन्याचा शोध खासगी कंपन्यांना खुला झाला आणि दगडाचे नमुने तपासून देणाऱ्यांची गरज पडू लागली. 1996 साली मी हुबळीत भाड्याच्या शेडमध्ये दगड फोडायचा जॉ क्रशर, त्याचं पीठ करायचा एक पल्व्हरायझर आणि दोन भट्ट्या मांडल्या. आबा भट्टी बघायला आले आणि हसले. मुर्दाडशिंग (शिशाचं भस्म), टाकणखार, सोडा घालून तीस ग्रॅम दगडाचं पीठ वितळवायचं, शिशाच्या गोळीत सोनं-चांदी ओढून घ्यायची, हाडांच्या राखेच्या वाटीत शिसं जिरवायचं, उरलेल्या मण्यातली चांदी तेजाबात काढायची. त्यांचंच काम! फरक एवढाच, की ते शंभरात किती ते सांगत आणि मी दहा लाखांत किती ते सांगतो. टनाला दोन ग्रॅमच्या दगडात, त्या तीस ग्रॅम पिठात, सोनं असतं साठ मायक्रोग्रॅम.

आर्सेनोपायराइट, म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचं खनिज, असलेला दगड आला की सोऱ्याचं प्रमाण बदलावं लागतं आणि धुराड्यावर लक्ष ठेवावं लागतं. आबांच्या वेळी धूर म्हणजे धंद्याचा भाग होता. आमच्याकडे भट्टीवरच्या माणसांच्या रक्तातलं शिसं ठरावीक मुदतीने तपासतो. सुरुवातीची दोन वर्षं तपासत नव्हतो, हेही सांगून टाकतो.

तिसऱ्या वर्षी धंदा बुडता बुडता वाचला. एका कंपनीच्या कोअरचे, म्हणजे जमिनीत भोक पाडून काढलेल्या दगडी कांड्यांचे, नमुने होते. एकात डोळ्यांना दिसेल असं सोनं होतं, टनाला चाळीस ग्रॅमच्या वर. त्याच्या पुढच्यात 1.8 आलं, त्यापुढे 0.5, मग 0.1. जिना उतरावा तसे आकडे. त्यांच्या भूवैज्ञानिकाने फोन केला, "अहो, हा तर नुसता काळा फायलाइट आहे, साधा गाळाचा दगड, यात शीर कुठंय?" शीर आमच्या पल्व्हरायझरच्या वाटीत होती. आधीचं सोनं वाटीला चिकटून पुढच्या पिठात जात होतं. दोनशे नमुने पुन्हा, आमच्या खर्चाने. तेव्हापासून प्रत्येक श्रीमंत नमुन्यानंतर कोरी, म्हणजे सोनं नसलेली, गारेची वाळू दळतो आणि ती वाळूसुद्धा तपासतो. जाड सोन्याचा दगड असेल तर किलोभर पीठ चाळून वरचं आणि खालचं वेगळं जाळतो. वेळ जातो, गिऱ्हाईक कुरकुरतं.

2015 साली खाणींचा कायदा बदलला. खाणपट्टे लिलावाने मिळू लागले, खासगी शोध मंदावला, आणि आमच्या रॅकवर धूळ बसली. 2019 मध्ये कप्पतगुड्डा अभयारण्य झालं. मी त्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही, त्या डोंगरावर फिरलेला माणूस बोलू शकत नाही. पण तिकडून नमुने येणार नाहीत, हेही कळलं. चार माणसं कमी करावी लागली. ती वर्षं फार लिहिण्यासारखी नाहीत. 2021 च्या जूनमध्ये हॉलमार्क सक्तीचा झाला, तेव्हा आम्ही दागिन्यांची तपासणी सुरू केली. पुन्हा टंच. आबांची खुर्ची त्याच खोलीत आहे.

दगडाचं काम आता हळूहळू परत येतंय, आंध्र आणि रायचूरकडून. सोमवारी एकशे वीस नमुने येणार आहेत. त्यात पाठवणाऱ्यांनी काही कोरे दगड मिसळलेत. किती आणि कोणते, ते आम्हाला सांगितलेलं नाही.