तुम्ही विचारलंत म्हणून : डिसेंबरात मी मिसिसागातच का असते

ऑक्टोबर लागला की फोन सुरू होतात. "यंदा येताय ना?" पुण्याहून वन्सं विचारतात, साताऱ्याहून भाचा विचारतो, आणि इथे कॅनडात मराठी मंडळाच्या दिवाळीत चकली खाता खाता अर्धा हॉल विचारतो. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग त्या बर्फात एकट्या करता तरी काय?" त्यामागचे न विचारलेले प्रश्नही मला ऐकू येतात. पैसे साठवते आहे का ही बाई? मुलाशी बिनसलंय का? की हे गेल्यापासून डोक्यात काही घेतलंय?

मुलाशी बिनसलेलं नाही. त्याच्या कामात नाताळची रजा मिळत नाही, म्हणून कॅल्गरीला मी फेब्रुवारीत, फॅमिली डेच्या सुट्टीच्या सुमारास जाते. विमानभाडंही तेव्हा माणसात आलेलं असतं.

पैशांचं मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण "तुम्हाला काय, सरकार बसल्या जागी देतंय" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. पूर्ण ओल्ड एज सिक्युरिटी, म्हणजे इथली म्हातारपणीची सरकारी पेन्शन मिळायला अठराव्या वर्षानंतरची ४० वर्षं या देशात काढलेली लागतात. आम्ही आलो तेव्हा माझी चाळिशी उलटली होती, त्यामुळे माझ्या वाट्याला अर्ध्याहून थोडी जास्त. पंच्याहत्तरी गाठलेल्यांना २०२२ च्या जुलैपासून १० टक्के वाढीव मिळतात, तेवढं वाढलं खरं. कमी उत्पन्नवाल्यांना वर जी पुरवणी मिळते, ती सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलं की थांबते. "येऊन वर्षभर राहा की" म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकून ठेवा. ओहिपचंही, म्हणजे ओंटारिओ प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्याचंही तसंच. वर्षातले १५३ दिवस ओंटारिओत अंगाने हजर असावं लागतं, नाहीतर आरोग्य कार्डावर पाणी.

आणि डिसेंबरची एक गंमत. त्या महिन्याची पेन्शन नाताळच्या आधीच खात्यात येते. सगळ्यांना वाटतं, वा, सणाला पैसे आले! पुढची एकदम जानेवारी संपता संपता. मधले पाच-सव्वापाच आठवडे, त्यातच नाताळच्या दुसऱ्या दिवशीचे, बॉक्सिंग डेचे सेल आणि हीटिंगचं बिल. मी पेन्शन आली की जानेवारीचं भाडं त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात हलवते. नातवंडांना पाकिटात एकावन्न डॉलर, आणि त्यावर चर्चा नाही. याला कंजूषपणा म्हणायचं असेल तर म्हणा.

पण तिकिटाचे पैसे नाहीत म्हणून मी येत नाही, असं नाही. आता ते सांगते, जे फोनवर मी कधी धड सांगितलेलं नाही.

२०१७ चा डिसेंबर. ह्यांचा रक्तदाब बरीच वर्षं गोळ्यांवर होता, छातीचं एक जुनं दुखणंही कागदोपत्री होतं. ऑक्टोबरच्या शेवटी इथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, चालणं लागू पडलंय तुम्हाला, गोळी अर्धी करू या. घरी येऊन ह्यांनी त्या आनंदात श्रीखंड मागितलं. तिकिटं आधीच काढलेली होती. प्रवासाचा विमाही काढला होता, आणि आमच्या वयाला तो काही स्वस्त मिळत नाही.

पुण्यात पोचून आठवडा झाला असेल. पहाटे ह्यांनी मला हलवलं. "अगं, गॅस धरलाय वाटतं." हात छातीवर, आणि बनियन घामाने भिजलेलं. वन्संनी शेजारच्या मुलाला उठवून गाडी काढायला लावली. हॉस्पिटलच्या काउंटरवर अनामत रकमेचा आकडा सांगितला गेला. मी पर्समधून विम्याचं कार्ड काढून पुढे केलं. तिथल्या पोराने ते उलटून पालटून पाहिलं आणि परत दिलं. "आजी, हे इथे चालत नाही. आता भरा, मग तिकडून घ्या."

मी विमा कंपनीला फोन लावला. कार्डावरचा फुकटचा नंबर भारतातून लागतच नव्हता. मागच्या बाजूला बारीक अक्षरात दुसरा होता, तो चष्म्याशिवाय दिसेना आणि चष्मा घरी. शेवटी एका नर्सने वाचून दाखवला. पलीकडची बाई फार गोड बोलणारी. नाव, जन्मतारीख, पॉलिसी नंबर. मग विचारलं, गेल्या नव्वद दिवसांत औषधात काही बदल? मी उत्साहाने सांगितलं, हो, गोळी कमी केलीये, तब्येत सुधारली म्हणून. मला वाटलं, हे ऐकून तिला बरंच वाटेल. बराच वेळ नुसता कीबोर्डचा आवाज आला. मग ती म्हणाली, फाइल पुढे पाठवते.

निघण्याआधीच्या ठरावीक दिवसांत जुनं दुखणं जसंच्या तसं असावं लागतं. कुठे ९० दिवस, कुठे १८०, पॉलिसीगणिक वेगळं. डोस वाढला तर बदल हे कुणालाही कळतं, पण कमी झाला तरी बदल. नवी तपासणी सांगितली तरी काही पॉलिसींत तो बदल. ह्यांचं हृदय सुधारलं होतं, म्हणून ते विम्यातून बाहेर पडलं. हे वाक्य मी लिहिते आहे आणि अजून मला ते वेड्यासारखं वाटतं.

अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. बिल साडेचार लाखांच्या वर गेलं. ओहिप देशाबाहेर देतं ते अतिदक्षतेसारख्या उपचाराला दिवसाला जास्तीत जास्त ४०० डॉलर, तेही आधी आपण भरायचे, मग पावत्या पाठवायच्या आणि वाट बघायची. त्या दिवशी काउंटरवर त्याचा काय उपयोग? मुलगा म्हणाला, मी पाठवतो, पण शनिवार होता आणि पैसे सोमवारशिवाय येणार नव्हते. तेव्हा वन्सं शांतपणे म्हणाल्या, माझी ठेव आहे. आठवडा उलटायच्या आत त्यांनी ती मोडली. भाऊजींच्या मागे त्यांनी एवढीच एक वेगळी ठेवलेली होती.

मार्चमध्ये पत्र आलं, दावा नामंजूर. आम्ही वर्षभरात वन्संचे सगळे पैसे फेडले, व्याजासकट देऊ केले, व्याज त्यांनी घेतलं नाही. वन्सं, तुम्ही हे कधी एका शब्दानेही बोलून दाखवलं नाहीत. दाखवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हाची मी आताच्या मला म्हणते, अगं, नातेवाईक असतात कशाला? त्यांच्यावर अशी वेळ आली असती तर तू बांगड्या काढून दिल्या नसत्यास? दिल्या असत्या. पण द्यायचं असतं तेव्हा मी खंबीर असते, घ्यायचं असतं तेव्हा नसते. हा माझा अहंकार आहे असं मुलगा म्हणतो. असेल. ह्यांनी तर बरे होऊन परतल्यावर पुढच्या डिसेंबरचं तिकीट बघायला सुरुवात केली होती. ते म्हणायचे, एकदा झालं म्हणून काय घरी जायचं नाही? मला आजही त्यांना उत्तर देता येत नाही.

मंडळात आता मी सगळ्यांच्या मागे लागते. औषधात काहीही बदललं, अगदी कमी झालं तरी, निघायच्या आधी विमा कंपनीला फोन करा, आणि ते काय म्हणाले ते ईमेलवर मागा. फार्मसीतून औषधांची यादी छापून घ्या, फॉर्म तिच्यावरून भरा, आठवणीवरून नको. जास्त पैसे भरून ही अट सैल करून देणाऱ्याही पॉलिसी असतात. निम्मे लोक कंटाळून चहाच्या टेबलाकडे सरकतात.

तर मग बर्फात एकटी काय करते? पहिलं म्हणजे, पडत नाही. हा विनोद नाही. या वयात खुबा मोडला की सगळं घरच मोडतं. टोरांटो रिहॅब या पुनर्वसन रुग्णालयाच्या संशोधकांनी लोकांना खऱ्या बर्फाच्या उतारावर चालवून हिवाळी बूट तपासले, आणि २०१६ साली त्यांची पहिली यादी आली तेव्हा बहुतेक बूट नापास झाले होते, महागडेसुद्धा. माझे त्या यादीत बघून घेतलेले आहेत. फ्रीझिंग रेन, म्हणजे पडताच गोठणारा पाऊस असेल त्या दिवशी मी दूध संपलं तरी बाहेर पडत नाही, काळा चहा पिते. २०१३ च्या नाताळात बर्फाच्या वादळाने टोरांटो परिसरात लाखो घरांची वीज गेली होती. थंडीने बेजार होऊन लोकांनी बार्बेक्यू घरात आणून पेटवले आणि कार्बन मोनॉक्साइडने हॉस्पिटलात पोचले. तेव्हापासून बॅटरी, पाणी, चिवडा आणि जास्तीचं ब्लँकेट एका पिशवीत असतं. मोनॉक्साइडच्या अलार्मचा सेल मी दिवाळीतच बदलते.

दुसरं, फोन. सुट्ट्यांच्या दिवसांत "ग्रँडमा, मी अपघात केलाय, तुरुंगात आहे, बाबांना सांगू नको" असे रडके फोन येतात. मग एक वकील बोलतो, जामिनाची रोकड न्यायला माणूस पाठवतो म्हणतो. इथलं कुठलंही कोर्ट जामीन असा घरी येऊन नेत नाही, आणि कर खातं गिफ्ट कार्डात कर घेत नाही. मला असा फोन आला तेव्हा माझा वेळ वाचला, कारण माझा नातू मला आजी म्हणतो. तरी आमच्या घरात एक परवलीचा शब्द ठरलेला आहे. तो विचारायचा, नाही आला तर फोन ठेवायचा आणि नातवाच्या नंबरवर आपण लावायचा. माझ्या एका मैत्रिणीने हे केलं नाही. तिचा आकडा सांगत नाही, ती वाचते हे.

उरलेला वेळ माझा. मिवेची, म्हणजे मिसिसागाची शहर बस पासष्टीपुढच्यांना प्रेस्टो या प्रवास कार्डावर आता फुकट आहे, टोरांटोला नेणाऱ्या गो ट्रेन-बसचं तिकीट निम्म्याहून कमी. टोरांटोत ॲलन गार्डन्स म्हणून काचघरं आहेत, प्रवेशाला पैसे नाहीत. बाहेर उणे दहा आणि आत केळी, जास्वंद, ओल्या मातीचा वास. तिथल्या बाकावर कोट काढून दोन तास बसायचं, जवळ पुस्तक असावं, ते वाचलंच पाहिजे असं नाही. चोवीस तारखेच्या संध्याकाळी समोरच्या पोलिश बाईंकडे जेवण असतं. त्या दिवशी त्यांच्यात मटण-चिकन नसतं, बिटाचं सार, कोबीचे आणि बटाट्याचे पिएरोगी, आणि मासे मी सोडून सगळ्यांना. न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचं मांडायची त्यांची रीत आहे. पहिल्या वर्षी मी खरंच न सांगता गेले होते, ह्यांच्यानंतरच्या पहिल्या नाताळात. आता आमंत्रण असतं, पण बसायचं त्याच ताटावर असा माझा हट्ट आहे. पंचवीसला सगळं बंद. त्या दिवशी मी कुणाचा फोन घेत नाही, झोपते. आवडतं मला.

हे मी सगळं पटेलसं लिहिलंय, आणि तरीही पूर्ण खरं नाही. पुण्याच्या त्या घरात ह्यांच्याशिवाय जिना चढायचा आहे, हेही एक आहेच. ते विम्यात बसत नाही.

आणि यंदा मोठीच अडचण. वन्संचं सहस्रचंद्रदर्शन डिसेंबरात आहे. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, "तू नसलीस तर ओवाळायला मला दुसरं कोण आहे?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्याच दिवशी माझ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, रक्तदाब छान आहे, गोळी कमी करू या का? मी म्हटलं, थांबा जरा. ते म्हणाले, थांबायचं वैद्यकीय कारण काय? आता पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलावलंय. चक्कर येते आहे हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. वन्सं, मंगळवारनंतर मी फोन करते.