जुन्या पद्मिनीच्या काचेवरची बाफ अन् रबराची वाट

गाडीच्या काचेला आतून बाफ धरते असं सांगितलं की गावात प्रत्येकाजवळ काच पुसायचाच उपाय असतो. शॅम्पू लावा, बटाटा घासा, तंबाखूची पुडी फिरवा. गाडीत पाणी येते कुठून, हे कोणी पाहत नाही. माझ्या प्रीमियर पद्मिनीत, म्हणजे जुन्या फियाटमध्ये, ते पुढच्या काचेच्या रबरातून येत होतं. ते रबर मिळवण्यात जेवढं डोकं फिरलं तेवढं बाकी कशातच नाही, म्हणून हे लिहितो आहे.

कारण साधं आहे. आतली हवा दमट आणि काच त्या हवेच्या दवबिंदूपेक्षा (हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागते त्या तापमानापेक्षा) थंड झाली की बाफ धरणारच. पावसाळ्यात आत २८ अंश आणि ९० टक्के दमटपणा असेल तर काच २६ च्या खाली आली तरी पुरते. बाहेरून पावसाचं पाणी तेवढी सहज थंड करते. वरून चार माणसं बसली तर श्वासातून आणि घामातून तासाभरात जवळपास पेलाभर पाणी हवेत सोडतात. पण डिसेंबरात, रात्रभर रिकाम्या उभ्या गाडीच्या काचा सकाळी आतून ओल्या दिसल्या तर ते माणसांचं पाणी नाही. ते पायाखालच्या नमद्यातलं, म्हणजे मॅटखालच्या जाड थरातलं आहे.

आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशात उभ्या गाडीचं रबर कडक होते, आकसते, कोपऱ्यात चिरते. जुलैत तिथून पाणी शिरते, डॅशबोर्डच्या मागून उतरते आणि रबरी मॅटखालच्या जूटच्या नमद्यात मुरते. वरून मॅट कोरडी दिसते. खात्री करायची तर मॅट उचलून नमद्यावर वर्तमानपत्राची घडी ठेवा अन् पायानं दाबा. कागद ओला झाला की समजा.

गळती शोधायला दोन माणसं लागतात. एक जण आत टॉर्च घेऊन, रबराच्या आतल्या कडेला खडूची भुकटी लावून. दुसऱ्यानं नळी हलकी सोडायची, प्रेशर वॉशर नाही. आधी खालची कड पाच मिनिटं, मग बाजू, शेवटी वरची. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि कुठून शिरलं हे कळतच नाही. भुकटीत ओघळ उमटेल तीच जागा. माझ्या गाडीत खालचे दोन्ही कोपरे होते, आणि जुन्या फियाटमध्ये आधी तिथंच पाहावं.

आता रबर. तालुक्याला हे मिळत नाही. शहरातला दुकानदार फोनवर म्हणतो, "दोन दिवसांत पाठवतो न भाऊ." दोन दिवस गेले की "माल निघाला", मग "गाडीत चढला", मग फोनच उचलत नाही. शेवटी जे येते ते मीटरवर कापलेलं भलतंच रबर. काचेची खाच रुंद, पत्र्याची खाच उथळ, चंदेरी पट्टी बसायची खाचच नाही. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं: "चालून जाते भाऊ, सिलिकॉन मारून द्या."

चालून जात नाही. काचेच्या खाचेत एक मिलिमीटरचा फरक असला तरी रबराचा ओठ काचेला चिकटत नाही आणि पाणी आत खेचलं जाते. अन् ते सिलिकॉन! ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडते, त्यानं पत्र्याला गंज चढतो. शिवाय पुढच्या वेळी काच काढताना ते सुटत नाही. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये न वाळणारं, मऊ राहणारं सीलंट भरायचं असते.

म्हणून गाडीचं मॉडेल सांगून रबर मागवूच नका. जुन्या रबराचा पाच सेंटिमीटरचा तुकडा ब्लेडनं सरळ कापा आणि कापलेल्या तोंडाचा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून पाठवा. काचेची जाडी, पत्र्याच्या कडेची जाडी, दोन खाचांमधलं अंतर लिहून द्या. एकूण लांबी सुतळीनं मोजा. "ईपीडीएम आहे का?" हे विचारा. ते उन्हात टिकणारं कृत्रिम रबर असते, साधं रबर आपल्या उन्हात टिकत नाही. कोपरे साच्यात काढलेलं अखंड कडं मिळालं तर जास्त पैसे द्या, पण तेच घ्या. नुसतं लांब रबर असेल तर सेंटिमीटरभर जास्त ठेवून दाबून जोडा, कारण ते नंतर आकसते. जोड मी वरच्या कडेला मध्यावर घेतो. पाणी साचते ते खाली. आणि पैसे पूर्ण आधी देऊ नका. अर्धे आधी, अर्धे कापलेल्या तोंडाचा फोटो आल्यावर. दुकानदार मग कसा पटकन फोन उचलतो ते पाहा.

वाट पाहण्याचे दिवस वाया घालवू नका. काच काढून पत्र्याची कड तारेच्या ब्रशनं घासा, रेड ऑक्साइड मारा, पूर्ण वाळू द्या. गंजानं भोक पडलं असेल तर नवं रबरही गळेल. नमदे बाहेर काढून वळणीवर टाका. ऑक्टोबरच्या उन्हात खडखडीत होतात. गाडीतच वाळतील ही आशा सोडा.

बसवणं सोपं आहे. रबर काचेवर चढवा, पत्र्याच्या खाचेत तीन-चार मिलिमीटरची नायलॉन दोरी भरा, साबणाचं पाणी लावा. एकानं बाहेरून तळहातानं दाबायचं, दुसऱ्यानं आतून दोरी हळूहळू ओढायची. स्क्रू-ड्रायव्हर काचेच्या कडेला लावू नका. टफन्ड काच असली तर एका टणक्यात चुरा.

दारांचं राहिलंच. दाराच्या काचेतून पाणी दारात जातेच, ते खालच्या भोकांतून निघायला पाहिजे. काळी माती अन् कापसाच्या तंतूंनी भोकं बुजतात. तारेनं मोकळी करा. आतल्या पॅनलमागचा प्लास्टिक कागद मिस्त्री लोक फाडून टाकतात, तो परत लावून घ्या.

गाडी गोठ्यात किंवा सारवलेल्या जमिनीवर उभी असेल तर जमिनीतूनच ओल येते. शेततळ्याच्या ५०० मायक्रॉन कागदाचा तुकडा खाली अंथरा. वरून ताडपत्री मात्र घालू नका, ओल आत कोंडते.

मिठाची वाटी ठेवू नका, पाणी सुटून सांडलं की फरशीचा पत्रा खाते. सिलिका जेल अर्धा-एक किलो कापडी पिशवीत ठेवा. रंग बदलला की १२० अंशाच्या ओव्हनमध्ये वाळवा. काचा बंद असतील तेव्हाच त्याचा उपयोग.

चालत्या गाडीत पुढची तिकोनी काच थोडी तिरपी उघडा आणि मागची बोटभर खाली घ्या. चिखलदऱ्याचा घाट चढताना मला एवढ्यानंच भागते. लायटरला लावायचे १५० वॅटचे हीटर विकत घेऊ नका. साडेबारा अँपिअर ओढतात, जुनी वायर तापते, आणि काच तरीही पुसावीच लागते.