आईबाबांचा मेडिक्लेम: बिलाकडून पॉलिसीकडे

आई ६६, बाबा ७१. दोघांना बीपी, बाबांना वरून शुगर. या वयात नवा मेडिक्लेम मिळतो का? मिळतो. पूर्वी ६५ वर्षांपर्यंतच पॉलिसी देणं कंपन्यांवर बंधनकारक होतं, पुढे त्यांची मर्जी. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामक आयआरडीएआयने ती वयाची रेघ पुसली. पण सगळ्या वयांसाठी योजना ठेवणं वेगळं आणि तुमचाच अर्ज घेणं वेगळं. कंपनी प्रीमियम वाढवू शकते, को-पे (मान्य रकमेतला ठरलेला टक्का आपण भरायचा) लावू शकते, नकारही देऊ शकते.

बहुतेक जण प्रीमियमपासून सुरुवात करतात. मी धंतोलीपासून, नागपुरातल्या दवाखान्यांच्या वस्तीपासून, केली. म्हणजे आईबाबा आजारी पडले तर ज्या दोन-तीन दवाखान्यांत आपण खरोखर जाऊ, तिथल्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे कागद बघणाऱ्या काउंटरवर, जाऊन चारच गोष्टी विचारल्या: सेमी-प्रायव्हेटचा दर, सिंगल रूमचा दर, आयसीयूचा दर, आणि कोणत्या कंपन्यांचं कॅशलेस (बिल कंपनीने परस्पर भरणं) सध्या चालू आहे. यातला ‘सध्या’ महत्त्वाचा. वेबसाइटवरच्या यादीत नाव असतं आणि काउंटरवर सांगतात, त्यांचं बंद आहे. सकाळी जाऊ नका, डिस्चार्जची गर्दी असते.

खोलीचा दर आधी का, ते एका हिशेबावरून कळेल. समजा पॉलिसी ५ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. तुम्ही ८,०००ची खोली घेतली, चार दिवस. बिल असं: खोली ३२,०००, सर्जन, भूल, ओटी (ऑपरेशन थिएटर), व्हिजिट मिळून १,२०,०००, औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या ९०,०००. एकूण २,४२,०००. सगळ्यांना वाटतं की वरचे रोजचे ३,००० आपण भरू, म्हणजे १२,०००. तसं होत नाही. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली की सर्जन-ओटीचा खर्चही त्याच प्रमाणात, पाच अष्टमांश, धरला जातो. १,२०,०००चे ७५,००० होतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, तसा नियम आहे. म्हणजे मान्य रक्कम २०,००० + ७५,००० + ९०,००० = १,८५,०००. त्यावर २० टक्के को-पे, ३७,०००. कंपनी देणार १,४८,००० आणि खिशातून जाणार ९४,०००. हातमोजे, मास्क असल्या ‘नॉन-पेएबल’ गोष्टी अजून धरलेल्याच नाहीत.

म्हणून ‘खोलीभाड्याला मर्यादा नाही’ किंवा निदान ‘सिंगल प्रायव्हेट रूम’ असं लिहिलेली पॉलिसी थोडी महाग असली तरी मी तीच बघितली. सिनियर सिटिझन म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त योजनांत खोलीची मर्यादा, को-पे आणि मोतीबिंदू, गुडघा यांच्या वेगळ्या मर्यादा, तिन्ही एकत्र सापडतात. को-पे जास्त पैसे देऊन काढता येतो का, हे जरूर विचारा. काही योजनांत येतो.

आता नागपूरकरांसाठी खास गोम. पिनकोड नागपूरचा टाकला की अनेक कंपन्यांचा प्रीमियम मुंबई-पुण्यापेक्षा कमी येतो, कारण शहरांचे झोन पाडलेले असतात. आईबाबा इथे आणि मुलं पुण्यात, हे आपल्याकडे घरोघरी. ऑपरेशन ठरलं की मुलगा म्हणतो, इकडेच या. मग स्वस्त झोनची पॉलिसी घेऊन महाग झोनमध्ये उपचार केले म्हणून काही योजनांत १० ते २० टक्के झोनल को-पे लागतो. तो आधीच्या को-पेच्या वर लागतो का, हे लेखी घ्या. आम्ही वरच्या झोनचा प्रीमियम भरायचं ठरवलं.

वेटिंगचे, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेमसाठी थांबायच्या काळाचे, तीन प्रकार आहेत. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच नाही. मोतीबिंदू, हर्निया, प्रोस्टेट, गुडघेबदल अशा ठरलेल्या आजारांना बहुधा दोन वर्षं. आधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिने; पूर्वी ४८ होते, त्यामुळे एजंटकडचं जुनं पत्रक बघून घाबरू नका.

खरी गडबड प्रपोजल फॉर्मवर होते. ‘शुगर नाही, बॉर्डरवर आहे’ हे वाक्य प्रत्येक बाबा म्हणतात. गोळी चालू असेल तर आजार आहे, विषय संपला. एजंट घाईत ‘नाही’वर खूण करतो, ती तुमची खूण मानली जाते. आजाराचं नाव, कधी कळला ते वर्ष, गोळीचं नाव आणि मात्रा, जुनी ऑपरेशनं सगळी लिहा. आणि हेच एका चिठ्ठीवर लिहून आधार कार्डासोबत ठेवा. कारण भरती करताना डॉक्टर विचारतात, शुगर किती वर्षांपासून? घाबरलेला नातेवाईक म्हणतो, ‘झाली असतील पंधरा वर्षं.’ केसपेपरवर पंधरा वर्षं लिहिलं जातं, फॉर्मवर आठ असतात, आणि क्लेम तिथेच अडकतो. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण ती पाच वर्षं आधी निघायला हवीत.

फ्लोटर, म्हणजे दोघांची मिळून एकच पॉलिसी, घेतला नाही. त्याचा प्रीमियम थोरल्याच्या वयावर ठरतो आणि एकाच्या आजारपणात दोघांची रक्कम संपते. आईची वेगळी पॉलिसी ५ लाखांची, वर ५ लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप, म्हणजे पहिले ५ लाख सोडून त्यावरचा खर्च देणारी जोड-पॉलिसी. नुसता टॉप-अप नको: तो प्रत्येक बिल सुटं मोजतो, सुपर टॉप-अप वर्षभराची बिलं एकत्र धरतो.

बाबांचं गणित वेगळं, कारण सत्तरी ओलांडली की आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. ऑक्टोबर २०२४ला सुरू झालं, उत्पन्नाची अट नाही, कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाख, आणि जुन्या आजारांना वेटिंग नाही. आयुष्मान अ‍ॅपवर आधारच्या ई-केवायसीने निघतं. वय आधारवरून धरतात, त्यामुळे जन्मतारीख चुकीची असेल तर आधी ती दुरुस्त करा. खासगी मेडिक्लेम असला तरी हे चालतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) वाल्यांना मात्र दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. अडचण एवढीच की ते फक्त योजनेतल्या दवाखान्यांत चालतं, आणि आपला नेहमीचा दवाखाना त्यात असेलच असं नाही. म्हणून बाबांचाही खासगी मेडिक्लेम काढला, पण वेटिंगच्या तीन वर्षांचा भार या कार्डावर टाकला.

कोट जुने असतील तर पुन्हा मागवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. प्रीमियम रोख भरू नका. आयकराच्या जुन्या प्रणालीत ज्येष्ठांच्या आरोग्य विम्यासाठी असलेली ५०,००० पर्यंतची वजावट रोखीवर मिळत नाही.

पॉलिसी हातात आली की ३० दिवसांचा फ्री-लूक असतो, म्हणजे पटली नाही तर परत करायची मुभा. त्यात ग्राहक माहिती पत्रक, म्हणजे सीआयएस, वाचा: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, झोन, को-पे, आणि सांगितलेले सगळे आजार नोंदले आहेत का. आईच्या पॉलिसीत बीपी छापलंच नव्हतं. ईमेल करून नोंदवून घेतलं आणि तो ईमेल फाइलला लावला.

ठरलेल्या ऑपरेशनला ४८ तास आधी कळवा, तातडीच्या भरतीला २४ तासांत. कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची असा नियम आहे, पण घड्याळ दवाखान्याने कागद पाठवल्यावर सुरू होतं. म्हणून विचारा ते ‘मंजुरी आली का’ असं नाही, ‘फायनल बिल पाठवलं किती वाजता’ असं. तक्रार आधी कंपनीकडे. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, नागपूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे आणि फी लागत नाही.

ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आता आधी आयआरडीएआयशी बोलावं लागतं. तरीही कंपनी बदलावीशी वाटली तर पोर्टिंगचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी जायला हवा. पूर्ण झालेलं वेटिंग सोबत येतं, पण जुन्या विमा रकमेपुरतंच. वाढवलेल्या रकमेचं वेटिंग पहिल्या दिवसापासून मोजतात.