केळी अन्न आहे की नाही?

राज्यशास्त्राच्या पेपरात परराष्ट्र धोरण हे प्रकरण शेवटी येतं. ते शिकवायची वेळ येईपर्यंत पोरांचं लक्ष परीक्षेच्या फॉर्मवर आणि हॉल तिकिटावर गेलेलं असतं. पंचशील, अलिप्ततावाद, सिमला करार. टीप लिहा, गुण पाच. चोपडा तालुक्यातल्या एका कॉलेजात मी हे कैक वर्षं शिकवत आले आहे. खिडकीबाहेर केळीच्या बागा, फाटकासमोरून न्हावा शेवाकडे निघालेले, माल थंड ठेवणारे रीफर कंटेनर, आणि फळ्यावर माझी बांडुंग परिषद. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं वर्गात कुणाच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, कानबाईचा उत्सव नुकताच आटोपला होता तेव्हा, आमची अभिरूप संसद भरली. वार मुद्दाम शुक्रवार निवडला, कारण लोकसभेत परराष्ट्र मंत्रालय शुक्रवारी उत्तरं देतं. हा आग्रह पोरांचाच. संसदेच्या संकेतस्थळावरची खरी प्रश्नोत्तरं काढून वाचायला लावली होती, त्याचा हा परिणाम. एका दिवसात तारांकित प्रश्न फक्त वीस, अतारांकित दोनशे तीस. तारांकिताला मंत्री उभं राहून उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात, अतारांकिताचं उत्तर छापील मिळतं. सूचना पंधरा दिवस आधी द्यायची, प्रश्न १५० शब्दांच्या आत. मंत्र्याचं मत मागायचं नाही, 'समजा असं झालं तर' विचारायचं नाही, मित्रराष्ट्राबद्दल अनुदार शब्द काढायचा नाही. हे नियम कळल्यावर वर्गातले निम्मे प्रश्न जागच्या जागी बाद झाले. एकाने लिहून आणलं होतं, 'पाकिस्तानला कायमचा धडा कधी शिकवणार?' त्याला म्हटलं, बाबा, ही घोषणा झाली, प्रश्न कुठे आहे? तो रुसला आणि मार्शल झाला. नंतर त्याच्या मार्शलगिरीचा उपयोग झाला.

इथे जरा आडवळण घेते. आमच्याकडून तासा-दीड तासाच्या वाटेवर फैजपूर आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तिथे झालं. अध्यक्ष पंडित नेहरू, आणि अध्यक्षीय भाषणात स्पेनचं यादवी युद्ध आणि युरोपातला फॅसिझम. बैलगाड्यांनी आलेल्या माणसांपुढे माद्रिदची गोष्ट! दरवर्षी मी हे सांगते आणि दरवर्षी पोरं नम्रपणे माना डोलावतात. या वेळी मात्र एका मुलीने विचारलं, "मॅडम, तेव्हा कुणी उठून विचारलं का, की आम्हाला स्पेनचं काय?" मला उत्तर ठाऊक नव्हतं. पण प्रश्नकर्ती कोणाला करायची, ते तिथेच ठरलं.

तिच्या घरी केळीची बाग आहे. परराष्ट्रमंत्री झाला तो सातपुड्याच्या पायथ्याचा एक पावरा आदिवासी मुलगा, पाठांतरात पक्का. सभागृहात त्याच्या इतकं शांत कुणी उभं राहत नाही. त्याचा थोरला भाऊ केळी कापणाऱ्या टोळीत आहे. लोकसभा अध्यक्ष म्हणून एम.ए.ची एक मुलगी होती, जिला प्राध्यापकही जरा दचकून असतात. परीक्षक म्हणून विधिमंडळ सचिवालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बोलावले होते. प्राचार्यांची अट एकच होती: जे ठरलंय तेवढंच बोलायचं.

शपथा, शोकप्रस्ताव वगैरे सुरळीत पार पडलं. पहिल्या तारांकित प्रश्नात १२ जून २०२५ चं मतदान होतं. गाझातल्या युद्धविरामाच्या ठरावाला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४९ देशांनी पाठिंबा दिला, आपण तटस्थ राहिलो, ते का? मंत्र्याने 'संवाद आणि राजनैतिक मार्ग' असं पाठ केलेलं उत्तर दिलं, बाकं वाजली, पुढे गेलो.

दुसरा प्रश्न आमच्या केळीवाल्या प्रश्नकर्तीचा. जूनमधल्या इस्रायल-इराण युद्धात अडकलेल्या भारतीयांना 'ऑपरेशन सिंधू'तून कसं परत आणलं? हा ठरवलेला, गोड प्रश्न. मंत्र्याने आकडे दिले: दोन्ही देशांतून मिळून चार हजारांहून जास्त माणसं, त्यात इराणमधून साडेतीन हजारांच्या वर. पहिली पुरवणीही ठरल्याप्रमाणे झाली. दुसऱ्या पुरवणीला ती उठली तेव्हा हातातला कागद तिने घडी घालून बाकावर ठेवला. मी विंगेत उभी होते. कागद खाली गेला तेव्हाच समजले.

"अध्यक्ष महोदया, माणसं परत आली, आनंद आहे. माल गेला त्याचं काय? चोपडा, यावल, रावेरची केळी इराणला जाते. कंटेनर बंदर अब्बासला उतरतो आणि पैसे तिसऱ्याच देशातून फिरून येतात, कधी येतात, कधी व्यापारी 'थांबा' म्हणतो. इराणशी थेट पैशांची देवाणघेवाण व्हावी म्हणून परराष्ट्र मंत्रालयाने काय केलं?"

सभागृह एकदम जागं झालं. मागच्या रांगांत पालक बसले होते, त्यात बहुतेक केळीवालेच.

मंत्री गडबडला नाही. उभा राहून म्हणाला, "महोदया, हा विषय वाणिज्य मंत्रालयाशी संबंधित आहे." आणि बसला. आता हे मी शिकवलेलं नव्हतं. खरी उत्तरं वाचून वाचून ही युक्ती त्याची त्यानेच उचलली होती. परीक्षक पहिल्यांदाच हसले.

अध्यक्षांनी मात्र त्याला सोडलं नाही. "केळी वाणिज्य मंत्रालयाची असेल. निर्बंध कोणत्या मंत्रालयाचे? उत्तर द्या."

मग तो जे बोलला ते कुठल्याच कागदावर नव्हतं. इराणकडून आपण तेल घ्यायचो तेव्हा त्याचे पैसे रुपयांत कोलकात्याच्या युको बँकेतल्या खात्यात जमा व्हायचे, आणि त्याच खात्यातून इराणला माल पाठवणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना पैसे मिळायचे. बासमती, चहा, सगळ्याचे. मे २०१९ मध्ये इराणवरच्या निर्बंधांतून अमेरिकेने आपल्याला दिलेली सवलत संपली, आपण तेल घेणं थांबवलं. "विहिरीत पाणी येणं बंद झालं महोदया, आणि उपसा चालूच राहिला. खातं आटलं." इतकं बोलून तो थांबला, आणि मग त्याने प्रश्नच उलटा फिरवला. "आता केळीसाठी अमेरिकेशी वैर घ्यायचं का, हे सन्माननीय सदस्यांनीच सांगावं."

सत्ताधारी बाकं दणाणली. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मंत्र्यांनी प्रश्न विचारायचा नसतो, उत्तर द्यायचं असतं." त्यावर विरोधी बाकं दणाणली. एवढ्यात मागून कुणाचा तरी आवाज आला, "अरे भाऊ, पैसा कव्हय भेटतीन ते सांग ना!" प्रेक्षक सज्जातून बोलायला मनाई असते, तेव्हा रुसलेला मार्शल धावत गेला. ते प्रश्नकर्तीचे वडील निघाले. मार्शलने त्यांना मोठ्या आदराने, हात धरून बाहेर नेलं. दारातून ते आत बघत उभे राहिले.

तिच्या दोन्ही पुरवण्या संपल्या होत्या. पण मूळ प्रश्नकर्त्याच्या दोन झाल्यावर अध्यक्ष इतर सदस्यांना संधी देतात, आणि शेजारच्या बाकावर तिने एक चिठ्ठी सरकवलेली मी पाहिली. शेजारचा मुलगा एरवी वर्गात तोंड उघडत नाही. तो उठला, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली आणि वाचलं: "अमेरिकेच्या निर्बंधांतून अन्न आणि औषधं वगळलेली आहेत. केळी अन्न आहे की नाही? असल्यास, बँका कशाला घाबरतात आणि त्यांची भीती घालवायला सरकारने त्यांना काय कळवलं?"

मी बरीच वर्षं संसदपटू नाथ पैंचं नाव घेऊन पोरांना सांगत आले की परराष्ट्र धोरणावर प्रश्न विचारणं म्हणजे मोठ्याने बोलणं नव्हे. १९५९ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत सीमेबद्दल इतके नेमके प्रश्न येत गेले की नेहरूंना अक्साई चीनमधला रस्ता सभागृहात सांगावा लागला, आणि सप्टेंबरमध्ये चीनशी झालेल्या पत्रव्यवहाराची पहिली श्वेतपत्रिका निघाली. आपल्याकडे सरकारने परदेशाशी केलेला करार संसदेकडून मंजूर करून घ्यावा लागत नाही. अमेरिकेच्या सिनेटसारखं इथे काही नाही. त्यामुळे खासदाराच्या हातात उरतं ते हेच, एक तास आणि एक नेमका प्रश्न. हे सगळं माझ्या नोट्समध्ये होतं. चिठ्ठीतल्या तीन ओळींत ते प्रत्यक्ष उभं होतं.

मंत्र्याने अध्यक्षांकडे पाहिलं, मग परीक्षकांकडे, मग माझ्याकडे. म्हणाला, "महोदया, केळी अन्न आहे." सभागृह हसलं. "बँकांना काय कळवलं याची माहिती गोळा करून सभागृहाच्या पटलावर ठेवतो." आणि तो बसला. खरा मंत्री यापेक्षा वेगळं काही म्हणाला नसता. उशिरा लक्षात आलं, तो एकटाच होता. खऱ्या सभागृहात अधिकारी गॅलरीत बसलेले असतात, संभाव्य पुरवण्यांची टिपणं मंत्र्याच्या फायलीत असतात, वेळ आली तर चिठ्ठीही येते. या पोराकडे फक्त डोकं होतं.

परीक्षकांनी गुण कापले: ठरलेली विषयपत्रिका मोडली म्हणून, सज्जातून आवाज आला म्हणून, आणि 'वैर' हा शब्द मित्रराष्ट्राबद्दल वापरला म्हणून. शेवटचं मला पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. वैर घ्यायचं का असं विचारलं होतं, वैरी म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे एवढ्यावर कामकाजातून शब्द काढलेले आहेत." चहा पिताना मात्र त्यांनी मंत्र्याला जवळ बोलावून विचारलं, ते खात्याचं तुला कुठून माहीत? तो म्हणाला, "कंटेनर भरला नाही तर दादाच्या टोळीला काम नसतं सर. मग घरात तेच बोलणं चालतं."

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून 'राजकारण' हा शब्द चार वेळा वापरला. तो भाग सोडून देते.

खरी गंमत पुढच्या आठवड्यात सुरू झाली. पोरांना तो प्रश्न खरोखरच दिल्लीला पाठवायचा होता. पहिली अडचण अशी की चोपडा येतं रावेर लोकसभा मतदारसंघात, आणि आमच्या खासदार रक्षा खडसे केंद्रात राज्यमंत्री आहेत. प्रश्नोत्तराच्या तासात मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. केळीच्या पट्ट्याला मंत्रिपद मिळालं आणि तारांकित प्रश्न गेला, हे गणित पोरांना फार लागलं. मग जळगावच्या खासदारांकडे जायचं की राज्यसभेत? जुलैमध्ये जळगावचे उज्ज्वल निकम राष्ट्रपतिनियुक्त सदस्य झाले आहेत, आणि नियुक्त सदस्यालाही प्रश्न विचारता येतो. एका गटाचं म्हणणं, उलटतपासणी करणारा वकीलच हवा. दुसऱ्या गटाचं म्हणणं, राज्यसभेत परराष्ट्र मंत्रालयाचा वार गुरुवार, म्हणजे पुन्हा सगळं नव्याने.

मसुदा तयार आहे. (अ) इराणला जाणाऱ्या केळीच्या रकमा कोणत्या मार्गाने येतात. (ब) अन्नपदार्थांना निर्बंधांतून असलेली सूट बँकांना कळवली आहे काय. (क) नसल्यास त्याची कारणे. यात (ड) माजी परराष्ट्रमंत्र्याने घातलाय: कंटेनर अडकल्यावर कापणी मजुरांची बुडालेली मजुरी कोण भरून देणार. शब्द १५० च्या वर जातात, म्हणून एक भाग उडवावा लागेल. प्रश्नकर्ती म्हणते (ड) काढा, तो विषय कामगार मंत्रालयाशी संबंधित आहे. तो तिच्याकडे नुसता बघत बसला आहे.