समुद्राला न मिळणाऱ्या नद्या

आम्ही मुलुंडकर, त्यामुळे फ्लेमिंगो म्हणजे आमच्या ठाणे खाडीचेच असं मी कायम धरून चाललेलो, पण त्यांचं माहेर कच्छच्या रणात, घरटी तिकडच्या चिखलात घालतात आणि इकडे फक्त खायला येतात हे कळल्यापासून ते माहेर बघायचंच होतं. जानेवारीत बाबांना घेऊन बांद्र्याहून कच्छ एक्सप्रेस पकडली, सकाळी भुज, तिथून जीपने उत्तरेला बन्नीच्या गवताळ भागात.

वाटेत एक नदी लागली, नुसती वाळू. बाबांनी विचारलं ही समुद्राला कुठे मिळते, तर ड्रायव्हर म्हणाला मिळतच नाही. खारी, निरोणा, भुखी, सगळ्या तशाच, मधल्या डोंगरात निघायच्या, उत्तरेला येऊन बन्नीत पसरायच्या आणि तिथेच संपायच्या. बाबा मूळचे माणदेशातले, लगेच म्हणाले, मग अडवा की, पाणी वाया जातंय!

अडवलंयच, वरच्या अंगाला धरणं झालीत. पण आम्ही ज्यांच्या भुंग्यात, म्हणजे मातीच्या गोल घरात उतरलो ते मालधारी (गुरं पाळणारे) चाचा म्हणाले की पुराचं ते गोडं पाणीच इथलं मीठ धुऊन काढायचं, त्यावर धामण गवत यायचं, गवतावर म्हशी जगायच्या. आता पाणी कमी येतं, मीठ वर येतं आणि त्यात फोफावते फक्त गांडो बावळ, आपली वेडी बाभूळ. रण पुढे सरकू नये म्हणून 1960च्या दशकात वनखात्यानं लावलेली, आज जिकडे बघावं तिकडे तीच.

चाचांनी वाळलेल्या शेणाचा एक पो उचलून बाबांच्या तळहातावर फोडला. आत बाभळीच्या बिया, अख्ख्या! शेंग गोड म्हणून गुरं खातात, बी पचत नाही, शेण पडेल तिथे नवीन झाड. बाबा किती वेळ ते बोटांनी चाळत बसले, एक शब्द बोलले नाहीत.

पण एका तुकड्यावर लोकांनी बाभूळ मुळासकट काढलीय, तिथे गुडघ्याएवढं गवत उभं होतं आणि मला ते बघून खरंच भरून आलं.

रात्री म्हशी चरायला निघाल्या, गुराखी सोबत नाही, काळोखात नुसत्या घंटा. उजाडता परत आपापल्या दारात. याच बन्नी म्हशीला 2010 मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे गवत गेलं तर ही म्हैसही गेली ना.

शेवटच्या दिवशी छारी-ढंढ, पावसाचं पाणी साचून होणारं उथळ तळं. हजारो क्रौंच एकदम उठले तेव्हा बोललेलं ऐकू येईना, आणि लांब पाण्यात गुलाबी पट्टा, आमचे फ्लेमिंगो. चाचा म्हणत होते आताशा पाऊस एक तर येत नाही नाहीतर चार दिवसांत कोसळून जातो, आणि फ्लेमिंगोंना दोन्ही वाईट, पाणी लवकर आटलं की कुत्री-कोल्ही घरट्यापर्यंत चालत येतात, जास्त झालं की अंडी बुडतात. आपल्याकडे 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला, एवढा तिथे बऱ्याचदा दोन वर्षांत मिळूनही पडत नाही. त्या थोडक्या पाण्यावर एवढं सगळं उभं आहे.

परत आल्यावर रविवारी बाबांना ऐरोलीला बोटीतून फ्लेमिंगो दाखवायला नेलं. फोटो काढायचं सोडून ते बोटवाल्याला विचारत होते, तिकडे कच्छला यंदा पाऊस कसा झाला, काही कळलं का?